बोंबील, सोलर आणि वालीवची परीक्षा

मी बोलते, नात मोबाईलवर उतरवते. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या.

आमच्या अर्नाळ्यात बोंबील उन्हात वाळतात आणि ढग आले की सडतात. वालीवच्या एका संस्थेने आमच्या बायकांच्या गटाला सोलरवर चालणारं वाळवणयंत्र देऊ केलं: काचेची पेटी, आत पंखा, वर सोलरची पाटी. अट एकच, दोघींनी तिथे शिकून परीक्षा द्यायची. नापास झालो तर यंत्र दुसऱ्या गावाला. सुना मासळीबाजारात, म्हणून आम्ही दोघी निघालो, मी आणि शेजारीण रोझी.

जाणार असाल तर सकाळची पहिली बस पकडा, नंतर बसायला जागा नसते. माझ्या टोपलीत बोंबील, हातात समुद्राच्या पाण्याचा डबा. बोंबील आम्ही खाऱ्या पाण्यातच धुतो.

कंडक्टर म्हणाला, "आजी, दर्याचं तिकीट काढलं का?"

"हाफ दे. लहान हाय अजून."

विरारला उतरून पूल ओलांडून पूर्वेला जा, तिथून वसई फाट्यापर्यंत शेअर रिक्षा, मग दुसरी. सुटे पैसे ठेवा. वालीवमध्ये ट्रकांची धूळ फार, नाकाला पदर लावा. कारखान्यांच्या गाळ्यांबाहेरचा वडापाव झकास, चहा मात्र नुसतं गरम पाणी.

शिकवणारी मॅडम माझ्या नातीएवढी. पेटीतली उष्णता दाखवणाऱ्या काट्याचे आकडे मला वाचता येईनात.

"मॅडम, नखांना लावायचा रंग हाय? काटा जिथवर जायला पायजे, तिथं रेघ मारा."

तिने हसत पर्समधून लाल बाटली काढली. रेघ ओढली आणि माझी अडचण संपली.

मग परीक्षा. मी बोंबील जाळीवर पसरले. मॅडम म्हणाली, "आता पाटी स्वच्छ करा." मी सवयीने डब्यातलंच पाणी ओतलं. उन्हात ते वाळलं आणि पाटीवर पांढरी साय धरली. पंखा म्हाताऱ्यासारखा चालायला लागला.

"आजी, कसलं पाणी हे?"

"आमचं. दर्याचं."

"मेले, घालवलंस यंत्र!" रोझीने कपाळाला हात लावला.

पण गप्प बसणं मला कधी जमलंय? गोड्या पाण्याने पाटी पुसली, पंखा पुन्हा पळू लागला. मग मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं वाराच खारा. पाटीवर रोज हेच होनार. तुम्ही धुळीचं शिकवलंत, मिठाचं नाय."

मॅडमने वहीत काहीतरी लिहिलं. "मग काय कराल?"

"रोज सकाळी एक कळशी गोडं पानी. आधी पाटीला, मग घराला."

"तुमच्याकडे तर गोडं पाणी टँकरने येतं ना?"

"येतं. रांगेत एक कळशी जास्त धरू."

"हो," रोझी म्हणाली, "आणि भांडन मी करीन."

दोघी पास.

आता यंत्र माझ्या अंगणात आहे. ढगाळ दिवसांतही, उशिरा का होईना, बोंबील वाळतात, कावळे काचेबाहेर बसून शिव्या देतात. प्रवासाचं म्हणाल तर कंबर दोन दिवस दुखली, तेवढंच. भिंतीवर प्रमाणपत्र लावलंय. नातीने बोट ठेवून वाचून दाखवलं: आधी माझं नाव, मग नवऱ्याचं, मग सासरचं आडनाव. पास सगळं खानदान झालंय, पाटी पुसायला मात्र मी एकटीच.