कडीची मोहर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही—बायकोपाशीसुद्धा नाही. आणि लोक तरी कसले! इतवारा बाजारातून निघालो की अजून म्हणतात, "नाना सराफाचा शब्द म्हणजे कसोटी." ऐकलं की डोकं फिरतं. अरे, कसली डोंबलाची कसोटी?

धनतेरस होती. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यात कापसाचे व्यापारी लखूशेठ घरच्यांना घेऊन उभे. त्यांच्या मुलाच्या लग्नात फोपनारच्या भिका पाटलांनी आपल्या लेकीच्या, यमुनेच्या गळ्यात जुनी बादशाही मोहर घातली होती. तिचा रंग आता शेठाणीला तांबूस वाटू लागला. म्हटलं, द्या, कसोटीवर घासतो—तर बाई अंगावरच आली! देव्हाऱ्यात पुजलेली, हळदकुंकू वाहिलेली मोहर, तिला ओरखडा काढायचा नाही. आता सांगा! घासू द्यायचं नाही, आणि खरी की खोटी ते मात्र उभ्या उभ्या सांग. यांच्यापुढे कुणी डोकं फोडायचं?

मी वैतागून मोहर फरशीवर टाकून आवाज ऐकला. बद्द वाजली. वाजणारच ना—गळ्यात घालायला तिला कडी जोडलेली, आणि कडी जोडली की अस्सल मोहरही बद्दच वाजते. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. "घासल्याशिवाय सांगता येत नाही," एवढं म्हणायला काय जीभ झडली होती माझी? पण भरलं दुकान, सगळे तोंडाकडे बघताहेत—"खोटी आहे, न्या घरी!" म्हणून मोकळा झालो. ब्याद टळली, असंच वाटलं.

पाडव्याच्या आत त्यांनी यमुनेला माहेरी धाडलं. ठकाची पोर नको, म्हणे.

मग तीच शेठाणी मोहर "वितळवून टाका" म्हणत माझ्यापुढे टाकून गेली. खोटी ठरल्यावर कसलं सोवळं? मी घासली. शंभर नंबरी सोनं! तेव्हा तरी धावायचं होतं—लखूशेठ चार घरं टाकून तर राहत होते. नाही गेलो. नाना सराफ चुकला, हे इतवाऱ्यानं ऐकायचं? छे! नालायकपणा, दुसरं काय.

संक्रांतीनंतर भिका पाटील आले. "नाना, ती मोहर द्या. खंडव्याच्या सराफाला दाखवतो. पोरीचं घर मोडतंय हो." मोहर माझ्या मांडीजवळच्या पेटीत होती. मी म्हणालो, "वितळवली, पाटील. तांबं निघालं."

वाद घालतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, मलाच कुणी फसवलं असेल, तुम्हाला उगाच त्रास झाला. ते गेले, आणि मी भट्टी पेटवून मोहर मुशीत टाकली—माझ्या हातानं.

यमुना बापाच्याच घरी राहिली. लखूशेठच्या मुलाचं दुसरं लग्न ठरलं, तेव्हा नव्या सुनेचं सोनं पारखायला मलाच बोलावणं आलं. मी गेलो. जेवूनही आलो.