मिस्त्रींचा मंगळवार

मिस्त्रींचा स्वभाव पहिल्यापासून फटकळ. चाळीस वर्षं त्यांनी घरोघरच्या शेगड्या दुरुस्त केल्या. भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या लाकडी कांड्यांवर चालणाऱ्या त्या शेगड्या. वरच्या डब्यात कांड्या ओतायच्या, खाली मोटरवर फिरणारा पिळाचा दांडा त्यांना थोडं थोडं पुढे ढकलतो आणि त्या टपटप जाळाच्या वाटीत पडतात. इतकं सरळ काम. तरी ते बिघडायचं, आणि मिस्त्री दारातूनच विचारायचे, "कांड्या चाळून घातल्या होत्या का?" समोरचा मान डोलवायचा. "यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं म्हणत ते खाली बसायचे आणि गिऱ्हाईक आपल्याच घरात चोरासारखं उभं राहायचं.

घरचा फोन मिस्त्रीणबाई घ्यायच्या. "चाळल्या का? वाटीची भोकं मोकळी आहेत ना? झाकण नीट बसलंय?" एवढ्या विचारण्यातच निम्म्या शेगड्या सुरू व्हायच्या. मिस्त्रींपेक्षा मिस्त्रीणबाई बऱ्या, निदान अंगावर तरी येत नाहीत, असं लोक म्हणत. मिस्त्री ते मनावर घेत नसत. उलट घरी येऊन तिखटमीठ लावून सांगत. मंगळवारी मात्र फोन काढून ठेवलेला असायचा. मंगळवार सुट्टीचा, दोघांचा.

आता त्याच बाईंच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग पोटच्या लेकीचं नाव. वार तर सगळे पुसून एकच उरला. मिस्त्री काम सोडून घरी बसलेले, आणि ते घरी म्हणजे मंगळवार, हा बाईंचा हिशेब पक्का.

"आज सुट्टी ना तुम्हाला?" त्या रोज सकाळी विचारायच्या.

"अगं, आज गुरुवार," मिस्त्री म्हणायचे. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बाईंचा चेहरा पडायचा. मग मिस्त्रींना वाईट वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच व्हायचं.

अशात घरचीच शेगडी बिघडली. कधी कांड्या बदाबदा पडून ज्वाळा काचेला भिडायची, कधी दहा-दहा मिनिटं एक कांडी खाली येत नसे. एकदा जाळ विझला आणि खोलीभर धूर झाला. शेजारणीने खिडक्या उघडल्या आणि लेकीला फोन केला.

लेक आली ती ठरवूनच. "बाबा, आईच काहीतरी करत असणार. उद्या घर पेटलं तर? मी अशा माणसांना सांभाळणारी जागा बघून ठेवलीय. चोवीस तास बायका असतात तिथे. एक खाट रविवारपर्यंत राखून ठेवतील."

"खोट यंत्रात आहे. रविवारपर्यंत शोधून दाखवतो."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मीही तिच्याबरोबर जातो."

"धडधाकट माणसाला तिथे घेत नाहीत, बाबा. तुम्ही भेटायला जायचं. रोज चार ते पाच."

चार ते पाच! पंचेचाळीस वर्षांच्या संसाराला एक तास. मिस्त्रींनी कपाटावरची हत्यारांची पिशवी खाली काढली.

आठवडाभर त्यांनी शेगडीचं काही शिल्लक ठेवलं नाही. कांड्या लांब असल्या तर डब्यात आडव्यातिडव्या अडकतात, म्हणून मूठ मूठ घेऊन मापून पाहिल्या. वाटीची भोकं तारेने मोकळी केली. मोटर काढून टेबलावर फिरवली, झाकणाची रबरी पट्टी कागद धरून तपासली, धुराडं झाडून काढलं. सगळं ठणठणीत. शुक्रवारी त्यांनी पिळाचा दांडाच बाहेर ओढला, तर त्याच्या वळणांत भुशाचा थर बसलेला, वाळलेल्या कणकेसारखा घट्ट. कांड्यांना ओल लागली की त्या फुगतात, फुटतात आणि दांड्याला धरून बसतात. मग थोडा वेळ काहीच पुढे जात नाही, आणि गठ्ठा सुटला की एकदम ढीग पडतो. रोग कळला. पण ओल आली कुठून? पोती कोरडी, छप्पर कोरडं.

थर खरवडून त्यांनी तो शेगडीखालच्या राखेच्या पत्र्यात टाकला. शनिवारी जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत पडले आणि झोपल्याचं सोंग करून दार किलकिलं ठेवलं.

बाई आल्या. चाळणी घेतली, पोत्यातल्या कांड्या हलक्या हाताने चाळल्या, भुसा बाजूला काढला, कांड्या डब्यात ओतल्या. एकही पायरी चुकली नाही. मिस्त्रींना भरून आलं. मग बाईंनी भांडंभर पाणी आणलं आणि अंगण झाडण्याआधी शिंपडावं तसं ओंजळीने डब्यात शिंपडलं.

"अगं, काय करतेस?" मिस्त्री बाहेर धावले.

त्या दचकल्या नाहीत. "धूळ उडते हो. तुमच्या छातीला सोसत नाही. डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?"

मिस्त्री खरंच विसरले होते. दोन वर्षांपूर्वी खोकल्यासाठी गेले होते, तेव्हा डॉक्टर धुळीबद्दल काहीतरी बोलले होते. लेकीचं नाव गेलं, घराचा रस्ता गेला, आणि हे तेवढं बाईंनी जपून ठेवलं होतं. मिस्त्री तिथेच पोत्यावर बसले आणि मोठ्याने रडले. चाळीस वर्षांत खोट सापडली की त्यांना आनंद व्हायचा. ही सापडली नसती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्यांनी ओल्या कांड्या उपसल्या, कोरड्या भरल्या आणि डब्याच्या झाकणाला छोटं कुलूप लावलं. मोटर गेली होती, बदलली, असं लेकीला सांगायचं ठरवलं. खोटं बोलायची सवय नव्हती. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

रविवारी लेक आली. शेगडी छान चालली होती.

"मोटर गेली होती. बदलली."

"जुनी कुठेय?"

मिस्त्रींची लेक ती. लहानपणी पाने-पकडी हातात देत वाढलेली. तिने राखेचा पत्रा ओढला, कडक थराचा तुकडा उचलून बोटांनी चुरला. "बाबा, हा भिजलेला भुसा आहे. डब्यात पाणी कुणी घातलं?"

खिडकीपाशी बसलेल्या बाई पायमोजे जुळवत होत्या. त्यांच्याकडे लेकीची नजर वळायच्या आत मिस्त्री म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"धूळ उडते. म्हणून शिंपडलं."

ज्या माणसाने गावभर लोकांच्या चुका काढल्या, त्याच्या तोंडून हे ऐकून लेक पाहतच राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याजागी भीती आली. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, त्यांचा हात हातात घेतला, आणि आजवर फक्त आईसाठी राखलेल्या मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, आज वार कोणता?"

मिस्त्रींना पक्कं माहीत होतं. याच रविवारची धास्ती घेऊन त्यांनी आठवडा काढला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि तिला फसवायचं त्यांच्या जिवावर आलं. मग त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि चार ते पाच आठवलं.

"मंगळवार," ते म्हणाले.

"बघ!" खिडकीतून बाई म्हणाल्या. "सकाळपासून मी घसा फोडून सांगतेय. ऐकतील तर शपथ."

लेक डोळे पुसत उठली आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. नाही, एक खाट नको. दोघांची खोली हवी. हो, वडीलसुद्धा. नाही हो, आम्हाला कुणाला कळलंच नाही.

शेगडीत कांड्या एका लयीत पडत होत्या. मिस्त्री बाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या मांडीवरचा एक पायमोजा उचलून त्याचा जोडीदार शोधू लागले.

"आज सुट्टी ना तुम्हाला?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "आज सुट्टी."