श्रीखंडाच्या डब्यातली इंजेक्शनं

मी चौथी नापास. पण शारजात तीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले आणि माझ्या हातून गेलेला पंप कधी परत आला नाही. आता दुबईत अल कुसैसला मुलाकडे राहतो. मधुमेहामुळे श्रीखंड मला बंद. म्हणजे मुलगा आणि सूनबाई ऑफिसला जाईपर्यंत बंद.

एका दुपारी फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा उघडला, तर आत इंजेक्शनं! एक खोकं घेऊन खालच्या मेडिकलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "बच्चा होने के लिए है, चाचा. आयव्हीएफ."

मुलाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. माझ्यापासून लपवायला दोघांनी घरातली सगळ्यात सुरक्षित जागा निवडली होती, मला मनाई असलेला डबा. विचारावं, तर माझी चोरी उघडी. गप्प बसलो. पुढे गोड बातमी सांगितली तेव्हा असा चकित झालो, की सूनबाईने मला पाणी आणून दिलं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी दोघं 'कपाट बघायला' निघाली. हातात हॉस्पिटलची फाइल. मुलाने चहाही घेतला नव्हता.

"मी येतो," म्हटलं.

"बाबा, ट्रॅफिक आहे. बोअर व्हाल."

"श्रीखंडाच्या डब्यात इंजेक्शनं सापडली तेव्हा झालो का बोअर?"

लिफ्ट आली आणि तशीच गेली. सूनबाई इथेच वाढलेली. "वेट, वेट. बाबा, तुम्ही तो डबा उघडलातच का?"

"उशीर होतोय. यल्ला."

गाडीत मुलाने सांगितलं. अशा उपचाराने राहिलेल्या बाळात हृदयाचा दोष असण्याची शक्यता थोडी जास्त असते. बहुतेक बाळं ठणठणीत असतात, पण पोटातच तपासून घेतात.

पडद्यावर ते एवढंसं हृदय धडधडत होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "व्हॉल्व्ह कितने?"

"चार."

"चारों चालू?"

"चारों." मग त्या थांबल्या. मधल्या भिंतीला बारीक भोक होतं. म्हणाल्या, असं भोक पुष्कळदा आपोआप बुजतं. जन्मानंतर पुन्हा बघू, इन्शाल्ला.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, बुजतं ना?"

पंपाचं भोक आपोआप बुजलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण ठणकावून म्हणालो, "बुजतं. शंभर पाहिलीत." आणि मनात म्हटलं, ते बुजेपर्यंत श्रीखंडाला हात लावणार नाही. हे कुणाला सांगितलं नाही. सूनबाईला वाटलं, पकडला गेल्यामुळे म्हातारा सुधारला. माझी साखर उतरली तेव्हा मैत्रिणींना फोन करकरून श्रेय घेतलंन. घेऊ दिलं.

नात झाली. तिला आठवा महिना लागला तेव्हा फेरतपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खलास, बंद हो गया." मुलगा तिथेच खुर्चीत बसून रडला. मी रडलो नाही, एसी फार गार होता म्हणून डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं ऑफिसला गेली. नात निजली होती. मी फ्रिज उघडला, मागचा ओळखीचा डबा काढला, चमचा घेतला, झाकण उघडलं.

आत नातीसाठी काढून ठेवलेलं आईचं दूध. तीन पिशव्या, प्रत्येकीवर तारीख.

झाकण घट्ट लावलं आणि डबा होता तिथे ठेवला. चमचा मात्र धुऊन खिशात ठेवलाय. घरात दुसरा डबा असणारच.