समईच्या तेलाची रेघ

आमचे गाईड रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पण नारळ फोडल्याशिवाय त्यांना साधा बल्बसुद्धा बदलवत नसे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. रेणू मी स्वतः बनवले होते. एक टोक पाण्याला धरून राहणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं, मधे एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. टेफ्लॉनच्या उथळ ट्रेमधल्या पाण्यावर त्यांचा थेंब सोडायचा, पाण्यावरची आडवी पट्टी सरकवून जागा कमी करत न्यायची, की ते आपोआप शेजारी शेजारी उभे राहतात आणि यंत्राच्या कागदावर दाबाची रेघ चढते. पाणी मात्र निखळ हवं. तेलकट बोट लागलं तरी खेळ खलास.

रेघ चढली तर माझी फेलोशिप वाढणार होती, नाहीतर घरी बसून स्थळं बघायची. ते ठरवायला दिल्लीहून समिती आली. सकाळपासून मी तो ट्रे धूत होते. आणि सरांनी काय करावं? समोर समई लावली, त्याच तेलकट हाताने हळदकुंकू वाहिलं आणि पंचवटीतून आणलेलं गंगेचं पाणी फुलाने थेट ट्रेमध्ये शिंपडलं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती ट्रेमध्ये कशाला? मी पुढे झाले तर डोळे वटारून त्यांनी स्वतःच पट्टीचं बटण दाबलं.

पट्टी सरकली आणि रेघ झोकात चढली. चढणार नाही तर काय, तेल ते, पाण्यावर पसरणारच. समितीतले विद्वान माना डोलावू लागले, एकाने तर टाळ्या वाजवल्या. कर्म माझं!

"सर, मी अजून रेणू टाकलेच नाहीत," मी म्हणाले.

मुलगी घाबरलीय, असं समितीला सांगून सरांनी मला पेढे वाटायला पाठवलं.

फेलोशिप वाढली. पुढे स्वच्छ पाण्यावर मी माझ्या रेणूंची रेघ काढली. बुटकी होती, पण खरी होती. सर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. समितीने पाहिली तशीच आण. तशी आणायची तर रोज समई लावायला हवी होती. मी लावली नाही, आणि प्रबंध अर्धाच राहिला.

तेलाची ती रेघ सरांनी परिषदेत मांडली. खाली सूत्र छापलं होतं, माझ्याच रेणूचं. त्या पाण्यात तो कधी पडलाच नव्हता.