हमीदसरांचा निकाहनामा

सुधारणावाल्यांकडे माणसं जमत नाहीत, किस्से मात्र ढिगाने जमतात! आमच्या जोगेश्वरीच्या मंडळाचंच बघा. दर रविवारी निवृत्त शिक्षक हमीदसरांच्या घरी आम्ही पाच-सहा मुसलमान मित्र बसतो. सरांनी कुराणाच्याच आधाराने एक निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करार लिहिलाय. पहिली बायको असताना दुसरी करायची नाही, तलाकचा हक्क दोघांनाही सारखा. एका तरी जोडप्याने त्यावर सही करावी, एवढीच सरांची इच्छा. नऊ वर्षं झाली, यार. एकही सही नाही.

सुरुवातीला एका काझीसाहेबांनी तो अक्षर न् अक्षर वाचला. "यात शरियतविरुद्ध काहीच नाही," म्हणाले. आम्ही खूश! तर पुढे म्हणतात, "पण मी असं म्हणालो हे कुणाला सांगू नका."

मग भांडुपचा एक इंजिनीअर नवरदेव मिळाला. "झकास आहे सर! आपला फुल सपोर्ट. फक्त मुलीकडच्यांना दाखवू नका ना."

म्हणून आम्ही मुलीकडच्यांनाच गाठायचं ठरवलं. मुलुंडची मुलगी, स्वतः वकील. वडिलांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. मुलगी लिफ्टपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मला हवाय हो सर. पण मागितला तर स्थळ जाईल." खाली येईपर्यंत मला तर रडूच येत होतं.

बोरीवलीच्या एका सोसायटीने सरांचं भाषण ठेवलं. टाळ्या काय, शाल काय! सेक्रेटरी म्हणाले, "सगळे मुसलमान तुमच्यासारखे असते तर!"

सरांनी विचारलं, "माझ्यासारख्याला इथे फ्लॅट मिळेल का?"

"वडे घ्या ना सर, गरम आहेत."

हळूहळू मंडळी गळाली. गेल्या रविवारी सर आणि मी, दोघंच. वैतागून मी म्हटलं, "सर, निदान भाभींना तरी वाचून दाखवा." नऊ वर्षं आम्हाला चहा देणाऱ्या रुकय्याभाभी पहिल्यांदाच आमच्यात बसल्या. सरांनी सगळी कलमं वाचली. भाभींनी ओढणीला हात पुसले.

"छान लिहिलंय. पेन द्या. सही कुठे करू?"

सर हसले. "अगं, हे नव्या जोडप्यांसाठी आहे."

"जुन्यांनी केली तर चालत नाही का? मी करते, तुम्हीही करा."

सरांनी कागदाची घडी घातली.

"या वयात? लोक म्हणतील, सरांच्याच घरात काहीतरी गडबड आहे!"