मास्तरांच्या नावावर

सोमवार, दिनांक ९ नोव्हेंबर १९३६. सकाळचे सात वाजले होते. मी गालाला साबण लावून आरशासमोर बसलो असताना ओट्यापाशी कोणी तरी मोठ्याने विचारले, "मास्तर इथंच ऱ्हातात ना?" आवाज असा होता की प्रश्न मला नसून साऱ्या गल्लीला होता.

मी त्या वेळी नाशकातील एका खासगी हायस्कुलात गणित शिकवीत असे. भद्रकालीच्या बाजूस एका घराची रस्त्याकडील खोली भाड्याने घेतली होती. नोकरी दोन वर्षांच्या बोलीची होती. ती मुदत संपत आली होती, आणि मला कायम करायचे की नाही हे शाळेचे चालक दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरवणार होते. गावी आई आणि शिकणारा भाऊ माझ्या पगारावर होते. त्या दिवशी माझे काय पणाला लागले होते ते एवढ्यावरून कळेल.

दारात एक रुंद बांध्याचा माणूस उभा होता. काखेत छत्री, हातात लाल बासनात गुंडाळलेली चोपडी. कापडपेठेतील एका मोठ्या दुकानाचा वसुलीचा माणूस असल्याचे त्याने सांगितले.

"दिवाळीच्या आत खातं मिटवायचं असतंय, मास्तर. शेठ म्हनले, मास्तर भला मानूस हाय, इसरला असंल."

"त्या दुकानात माझे खाते नाही."

"समदे असंच म्हनत्यात." त्याने चोपडी उघडली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. "अस्तर. बुकरम. गुंड्या. पुन्यांदा अस्तर. दोऱ्याची रिळं. पुन्यांदा अस्तर." शेवटी रक्कम वाचली. ती माझ्या महिन्याच्या पगाराहून थोडीच कमी होती.

"हे मी घेतलेले नाही."

"वर काय लिवलंय बघा. मास्तर, भद्रकाली. तुमी मास्तर. ही भद्रकाली. आता आनखी काय गंगंत हुबा ऱ्हाऊन सांगू?"

"मी इतके अस्तर घेऊन काय करीन?"

"ते मला काय ठावं? मास्तरानं अस्तर नाय घ्यायचं तर कोनी घ्यायचं?"

समोरच्या ओट्यावर राखुंडीने दात घासत बसलेले दोघे हसले. त्याला ते आवडले असावे, कारण तोही हसला. हसत हसतच त्याने खिशातून गेरूचा खडा काढला आणि माझ्या दाराच्या चौकटीवर वीतभर लांबीची फुली मारली.

"पैशे भरले की पुसतो. मीच येऊन पुसतो. अकरा वाजता शाळंत गाठ घेतोच."

मी अर्ध्या दाढीने उभा होतो. हात उगारण्याचा विचार मनात आला, हे मी नाकारीत नाही. तो गेल्यावर दाढी पुरी केली.

घरमालकीणबाई आतल्या दाराने बाहेर आल्या. वयस्क, विधवा, स्वच्छतेच्या बाबतीत कडक. त्यांनी फुलीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"मास्तर, पुसून टाका ते. चार दिवसांवर लक्ष्मीपूजन आलं."

"ज्याने काढली तो पुसेल."

"आणि त्यानं नाही पुसली तर?"

"तर मी खोली सोडीन."

"म्हणजे शेवटी पुसायची मीच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शाळेत जाण्यासाठी कोट चढवताना माझा हात बाहीतील फाटक्या अस्तरात अडकला. ते शिवून घ्यायचे महिनाभर राहिले होते. पलीकडच्या तांबट आळीत, म्हणजे भद्रकालीतच, एक शिंपी बसत असे. त्याच्याकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा फळ्या लावलेल्या होत्या. त्याला आम्ही सर्वच जण मास्तर म्हणत असू. कोट अर्धवट अंगात असताना हे लक्षात आले. शिकवणारा मास्तर आणि शिवणाराही मास्तर. गल्लीने माणसाला एकदा पदवी दिली की त्याच्या नावाची कोणाला गरज उरत नाही.

चूक उलगडली, तेव्हा राग उतरायला हवा होता. थोडा उतरलाही. तो पुन्हा कसा चढला ते पुढे येईल.

शाळेत पोचलो तेव्हा वसुलीचा माणूस हेडमास्तरांच्या खोलीबाहेरील बाकावर ऐसपैस बसला होता आणि शिपायाला माझ्या खात्याची हकिगत सांगत होता. हेडमास्तरांनी मला आत बोलावून दार लोटून घेतले. गृहस्थ न्यायी होते, पण भांडणाला भीत असत. मी सर्व सांगितले. अस्तर, गुंड्या, तांबट आळीतला शिंपी.

"शिंप्याला मास्तर म्हणतात हे मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण आपल्या चालकांपैकी दोघे त्या दुकानात रोज बसतात. बैठकीपूर्वी हे कानावर जायला नको. मिटवून टाका."

"न घेतलेले कसे मिटवायचे?"

"पैसे देऊन. घेतलेलेही तसेच मिटवतात."

"एकदा दिले की मी घेतले होते असे ठरेल."

"नाही दिले तर तुम्ही बुडवले असे ठरेल. तुमच्या भल्याचे सांगतो आहे."

"दुपारची अर्धी रजा द्या."

"बिनपगारी मांडावी लागेल."

"मांडा."

बाहेर बाकावरचा माणूस म्हणाला, "काय मास्तर, ठरलं का?" मी वर्गाकडे वळलो. दुपारपर्यंतचे तास घेतले. मुले त्या दिवशी फार शांत होती. शिपायाने हकिगत वर्गांपर्यंत पोचवली होती.

तांबट आळीत शिंप्याच्या दुकानाच्या फळ्या तशाच होत्या. शेजारी एक तांबट हंड्याच्या गळ्यावर ठोके घालत बसला होता. मला दोन वेळा विचारावे लागले, तेव्हा त्याने हातोडी थांबवली.

"मास्तर? ते मनमाडला गेले. टेशनासमोर कुनाच्या दुकानात बसत्यात म्हनं. रेल्वेवाल्यांचे कोट शिवत्यात."

"कापडपेठेतल्या दुकानाचे त्यांच्याकडे काही येणे होते का?"

"होतं की. त्याच्यापायीच गेले." तो पुन्हा ठोके घालू लागला आणि ठोक्यांच्या मधून बोलला. "मशीन नेलं त्यांचं. हातगाडीवर घालून. उचलायला मीच हात लावला. शेठ स्वतः हुबे होते, म्हनले, आता तुझं-माझं मिटलं."

"मिटलं, असे म्हणाले?"

"ह्या कानांनी ऐकलं. पन माझं नाव घेऊ नगा. दिवाळीला त्यांच्या घरची भांडी येत्यात माझ्याकडं."

"मला तुमचे नाव ठाऊक नाही," मी म्हणालो, आणि ते खरे होते. "शिंप्याचे नाव काय?"

त्याने हातोडी पुन्हा थांबवली. बराच विचार केला. "मास्तरच म्हनायचो आमी."

तेथून कापडपेठेत जाईपर्यंत राग पुन्हा चढला होता, आणि या वेळी तो गैरसमजावरचा नव्हता.

दिवाळीची गर्दी होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी पायताण काढले आणि गादीसमोर उभा राहिलो.

"या मास्तर. बसा. चहा मागवतो."

"चहा नको. मी कोण ते सांगा."

"हे काय विचारणं? मास्तर."

"कसला मास्तर?"

"शाळेचा."

"तुमच्या खात्यातला मास्तर कसला?"

"खात्यात मास्तर एवढंच आहे. विश्वासाच्या माणसाचं आम्ही नाव विचारत नाही."

माझ्या शेजारी विंचूरकडचा एक म्हातारा शेतकरी बायकोसाठी लुगडे पाहत बसला होता. त्याने मान वर केली. "शेठ, माल कसला गेलाय त्या खात्यावर?"

"अस्तर, गुंड्या, रिळे," मी सांगितले.

"मंग तो शिंपीच की. का आता हेडमास्तर, पोष्टमास्तर, टेशनमास्तर, समद्यांच्या दारात मानूस धाडनार हाय तुमी?"

लोक हसले. "तुमी लुगडं बघा," त्याची बायको त्याला म्हणाली, पण तिचेही लक्ष आता लुगड्यावर नव्हते.

दुकानाच्या मागील भिंतीशी एक शिवणाचे मशीन उभे होते. त्यावर ताग्यांची रास घातली होती, तरी खालचे लोखंडी पाय दिसत होते. मी तिकडे बोट केले.

"ते मशीन कोणाचे?"

शेठनी मान वळवून तिकडे पाहिले. "ठेवलेलं आहे एकाचं."

"कोणाचे?"

"मास्तरांचं."

"कोणत्या?"

या वेळी कोणी हसले नाही. शेठ पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. "मास्तर, आत या जरा."

"इथेच बोला."

"अहो, त्या मशीनला गिऱ्हाईक मिळेना. तो मनमाडला जाऊन बसला, त्याच्यामागं कोण जाणार? तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. दोघं शेजारच्या आळीतले. म्हटलं, तुम्ही भराल आणि त्याच्याकडून सवडीनं घ्याल. आपापसात बघाल."

म्हणजे ही चूक नव्हती. चूक असती तर मी चहा घेतला असता. माझ्याकडे त्यांचे काही निघत नाही हे पक्के माहीत असताना त्यांनी माझ्या दारावर फुली मारवली होती. कारण एवढेच, की मी सापडण्यासारखा होतो आणि मला अब्रू होती. ज्याला गमावण्यासारखे काही आहे त्याच्याकडून वसूल करणे सोपे असते. हा हिशेब त्यांनी गादीवर बसून शांतपणे केला होता. पुढे आयुष्यात माझे बरेच नुकसान झाले. त्यातील कशाचाही मला इतका राग आला नाही.

"मशीन घेऊन खाते मिटवले आणि तेच खाते माझ्याकडून पुन्हा वसूल करता," मी गर्दीला ऐकू जाईल असे म्हणालो. "याला कोर्टात काय म्हणतात ते मी विचारून येतो."

"मास्तर, आवाज नको."

"सकाळी तुमच्या माणसाने माझ्या दारात आवाज केला. त्याची भरपाई समजा."

शेतकऱ्याच्या बायकोने हातातील लुगडे गादीवर ठेवले. "चला हो," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरीकडं बघू. इथं आपल्याबी नावावर कायबाय लिवत्याल." तिच्यामागे आणखी दोन बायका उठल्या.

शेठनी दिवाणजींना हाक मारली. खाते मशीन घेऊन पूर्वीच मिटले असल्याचे त्यांनी माझ्यादेखत लिहिले. हेडमास्तरांच्या नावे, शाळेतील मास्तरांशी या खात्याचा संबंध नाही, अशी चिठ्ठी सहीनिशी दिली. मशीनची किंमत त्या येणे रकमेहून उघडच अधिक होती, तेव्हा वरची रक्कम शिंप्याला कधी देणार, असे मी विचारले.

"ते त्यानं येऊन मागावं."

"बरे. आता माझ्या दारावरची फुली."

"ती पुसली जाईल. माणूस पाठवतो." मी वळलो तेव्हा ते मागून म्हणाले, "तुमच्या कोटाचं अस्तर गेलेलं दिसतंय. दोन वार फाडून देऊ का? दिवाळी आहे. लिहिणार नाही कुठं."

मी कोटाच्या गुंड्या वरपासून खालपर्यंत लावल्या आणि बाहेर पडलो.

शाळा सुटण्यापूर्वी चिठ्ठी हेडमास्तरांच्या हाती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावले. "आता बैठकीत हा विषय निघणार नाही," ते म्हणाले. "रजा मात्र मांडली गेली आहे."

दिवेलागणीच्या सुमारास वसुलीचा माणूस आला. छत्री नव्हती. समोरच्या ओट्यावर सकाळचेच दोघे होते. ते बघत आहेत हे मी पाहिले आणि दारात उभा राहिलो.

"पानी द्या जरा, मास्तर."

"नळ कोपऱ्यावर आहे."

मालकीणबाई बादली घेऊन आल्या. "दार माझं आहे. पाणी माझं घ्या. आणि कोरून कोरून घासा, खाचेत राहायला नको."

तो उकिडवा बसून काथ्याने चौकट घासू लागला. "मला काय, मास्तर," तो मान वर न करता म्हणाला, "शेठ सांगतील तिथं फुली मारायची."

"सकाळी तुम्ही ती हसत मारली होती."

त्याने काथ्या पुन्हा बादलीत बुडवला. ओट्यावरचे दोघे उठून आत गेले. लाकडाच्या रेषांत तांबूस रंग उरला, तो मालकीणबाईंनी नखाने खरवडून त्याला दाखवला आणि पुन्हा घासायला लावला. काम झाल्यावर तो गेला.

मग मी एक पोस्टकार्ड घेऊन शिंप्याला लिहायला बसलो. मशीन घेऊन तुमचे खाते मिटल्याचे दुकानाने आज लोकांदेखत लिहून ठेवले आहे. वरची रक्कम स्वतः येऊन मागा. येताना मला भेटा, मी बरोबर येईन. एवढाच मजकूर होता, आणि खाली माझे नाव व पत्ता. पत्त्याच्या जागी नाव लिहायला गेलो आणि थांबावे लागले. शेवटी 'शिंपी मास्तर यांस, स्टेशनसमोर, मनमाड' असे लिहिले आणि 'शिंपी' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. कार्ड घेऊन कोपऱ्यावर गेलो, टपालपेटीत टाकले, आणि ते तोंडाशी अडकलेले नाही याची आत बोट घालून खात्री करून घेतली.