आत्याचा त्रिकोण पिवळा

नोकरीसाठी आमच्या कळस गावाहून निघाले त्या सकाळी आबांनी मला मोटारसायकलवरून बारामतीच्या स्टँडवर सोडलं. पुण्याची गाडी लागली, मी खिडकीत बसले, तेव्हा खालून मान वर करून म्हणाले, "कुणाचं काय मनाला लावून घिऊ नगं." मला असा राग आला! लेक पहिल्यांदा घर सोडतेय आणि बापाला एवढंच सुचतं? हडपसर येईपर्यंत मी तेच मनाला लावून बसले होते.

पुण्यात वाकडला तिघींत एक फ्लॅट घेतला आणि ऑफिसात माणसांना नावं ठेवायची एक नवीच भाषा कानावर पडायला लागली. आपल्याकडे माणूस तिरसट असतो, कुचकट असतो, फार तर आतल्या गाठीचा असतो. इथं आमचा टीम लीड नार्सिसिस्ट होता. रूममेट ओट्यावरचे डबे ओळीत लावायची म्हणून तिला ओसीडी होती, आणि एकाचं ब्रेकअप झालं की अख्ख्या मजल्याला ट्रॉमा व्हायचा. मला ते शब्द भयंकर आवडले. गावात ज्या गोष्टींवरून मी नुसतीच धुमसत होते, त्यांना एकदम नाव मिळालं. वाकडकरांनो, तुम्हाला हे सांगायला नको.

पहिला प्रयोग आत्यावर झाला. आत्या निमगाव केतकीला दिलेली, पण तिचा अर्धा जीव आमच्या घरात. माझ्या लग्नाचा विषय ती दर फेरीला काढायची. मी फोनवर आबांना बजावलं, "आत्या टॉक्सिक आहे. तिच्याशी बाउंडरी ठेवायला शिका."

"का? बांध कोरती व्हय ती आपला?" आबा म्हणाले. "आणि टॉक्सिक म्हंजी कुठला त्रिकोण? पिवळा का निळा?"

आमची डाळिंबाची बाग. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. मागून दादा, माझा थोरला भाऊ, इतका हसला की त्याला ठसका लागला. झालं, तेव्हापासून घरात खेळच सुरू झाला. आत्याला पिवळा मिळाला. माझ्या टीम लीडला न बघताच निळा. मी फोनवर चिडले की आई म्हणायची, "आज पिवळ्यात हाय बया." लाल मात्र कुणाच्याच वाट्याला आला नाही. "लाल माणसाला लावत नसत्यात," आबा म्हणायचे.

मला त्यांच्या हसण्याचा राग यायचा. दिवाळीला गेले की मी एकेकाला समोर बसवून सांगायचे: आबा इमोशनली अनअव्हेलेबल, आई पीपल प्लीजर. दोन दिवसांत गावाचा कंटाळा यायचा, परतले की वाकडचा. एका जागी बूड टेकत नव्हतं. फ्लॅट बदलले, रूममेट बदलल्या, आणि घरच्यांना फोन करताना खोलीभर येरझाऱ्या घालायची सवय लागली ती अजून आहे.

मग दादा गप्प झाला. सगळी बाग त्याच्याच जिवावर. फोन उचलला की "आईशी बोल" म्हणायचा आणि फोन तिच्या हातात द्यायचा. मी रजा टाकून गेले. हा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीबाहेर बाजेवर बसलेला, दाढी वाढलेली. झाडं कळ्यांनी भरली होती आणि हा तिकडं बघतही नव्हता. पाणी होतं, भाव होता. घरात कशाची कमी होती म्हणाल, तर सांगता येणार नाही. आई म्हणाली, "उन्हानं गळालाय." आत्या म्हणाली, "लगीन लावा, समदं सुरळीत हुतंय."

मी म्हणाले, "दादाला डिप्रेशन आहे."

आबांनी वर पाहिलंही नाही. "आणि मागल्या दिवाळीला मला काय झालंय म्हणालीस?"

त्या घरात माझ्या शब्दांना कवडीइतकीही किंमत उरली नव्हती. पण दुपारी दादाशेजारी बसले, तेव्हा तो जमिनीकडं बघत म्हणाला, "निजलो की उठूच नये असं वाटतंय." एवढंच. मी उठले आणि पळतच आबांकडं गेले. ते टाकीत औषध कालवत होते. मी लक्षणं सांगितली, धोका सांगितला, इंग्रजीत सांगितलं. ते आपले काठीनं ढवळत होते. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "आबा, लाल आहे. लाल त्रिकोण."

काठी थांबली. "कुणाचा?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. हात धुतले, औषधाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दादाला घेऊन बारामतीला डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टरांनी मी म्हटलेला शब्दच कागदावर लिहिला. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. गावात कुजबुज सुरू झाली, "डोस्क्याच्या डॉक्टरकडं नेलं व्हय?" त्यांची तोंडं कुणी बंद केली असतील? आत्यानं. "मग? पोट दुखलं की पोटाच्या डॉक्टरकडं जाताच की तुमी!" रोज निमगावहून यायची आणि दादा जेवेपर्यंत ताटासमोरून हलायची नाही. लग्नाचा विषय तिनं अजून सोडलेला नाही, ते वेगळं.

दादाच्या गोळ्या चालू आहेत. बरा आहे म्हणावं असे दिवस आता जास्त येतात. मी वाकडला परत आले खरी, पण ऑफिसात कॉफीचं मशीन बंद पडल्यावर कुणी "आय ॲम सो डिप्रेस्ड" म्हणालं की कप फेकून मारावासा वाटतो. गावाकडच्यांनो, तुम्ही या शब्दांना हसता. आणि इथल्यांनो, आपण ते उधळतो. मला दोन्हीचा त्रास होतो, आणि दोन्हीकडं माझीच माणसं आहेत.

परवा ऑफिस सुटल्यावर पार्किंगमधून दादाला फोन केला. कसा आहेस विचारलं.

"आज बरं न्हाय," तो म्हणाला.

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. आबांचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाही ते फोनवर "बरं हाय" म्हणत होते. दादाचं ऐकून मला भीती वाटायला हवी होती, पण जीव भांड्यात पडला. त्यानं स्वतः सांगितलं होतं, विचारल्याबरोबर.

"तुझं कसं हाय?" त्यानं विचारलं.

"मस्त."

"खरं सांग की."

मी हेल्मेट काढलं. एवढे शब्द शिकले, सगळ्यांना वाटत फिरले, त्यातला एकही माझ्यासाठी पुढं येईना. पलीकडं दादा थांबला होता, फोन आईकडं देत नव्हता.

"दादा," मी म्हणाले, "मला हितं करमत न्हाय."